सू-यिनला घरी आणलं, त्याची गोष्ट

चहा पी बिनधास्त. मीठ नाही घातलेलं. पाहुण्याला मी एकदाच फसवतो, आणि तुझी पाळी मागच्या खेपेला होऊन गेली. दिवा तेवढा अलीकडं ओढ. वाऱ्यानं विझला तर उगाच म्हणशील, थाऊनंच फुंकला.

माझं हेच होऊन बसलंय बघ. या बुदाई गावात कुणाचं मांजर शिंकलं तरी लोक आधी विचारतात, अ-थाऊ कुठंय? जन्मभर गमती केल्या, आता खरं सांगायला गेलो की लोक खुर्ची तपासून बसतात. ही गोष्ट गावात मी चौघांना सांगायला गेलो. चौघंही हसले. तू हसू नकोस. म्हणजे, शेवटपर्यंत ऐक, मग हस.

त्या दिवशी मी निघालो होतो साध्या कामाला. को काकूंच्या घरी कालवं पोचवायची होती. त्यांच्याकडं सुतक होतं, मांडवात बसायला येणाऱ्यांना कालवं घातलेली भाताची पेज करायची होती. मी कालवांचे बांबूचे तराफे बांधतो, तर म्हणलं पहिलं टोपलं आपलं जाऊ दे.

काकूंची मुलगी वारली होती. सू-यिन. तैपेईत वारली, तिकडंच दहन झालं, आणि राख घरी आली होती. अंगणात निळ्या ताडपत्रीचा मांडव, मध्ये तिचा फोटो, पुढं उदबत्त्या. उत्तरेचा वारा सुटलेला. खाऱ्या पाण्याचा वास, जळलेल्या कागदाचा वास, आणि मागच्या दारच्या कालवाच्या शिंपल्यांच्या ढिगाचा तो कुजका वास... आम्हाला सवय आहे, पण त्या दिवशी नाकात बसला.

सू-यिन कोण, तर आमच्या या किनाऱ्यावरनं तैपेईच्या मोठ्या विद्यापीठात गेलेली पहिली पोरगी. गणित शिकायला! मला माझं नाव सोडून अक्षर येत नाही, आणि पलीकडच्या घरातली पोरगी गणितात तैपेईला. ती निघाली तेव्हा देवळापुढं फटाक्यांच्या माळा लावल्या. लावायला मीच. एक माळ तिच्या मामाच्या खुर्चीखाली लावली. सगळा गाव खदाखदा हसला. तिनं फक्त माझ्याकडं बघितलं. हसली नाही. तिला हसताना गावात कुणी बघितलंच नव्हतं. नंतर वर्षा-दोन वर्षांनी यायची, आईजवळ बसायची, जेवायची आणि संध्याकाळच्या बसनं परत. घरी रात्र म्हणून काढायची नाही. लग्न नाही केलं तिनं.

आणि तिथंच घोडं अडलं होतं. आमच्यात मेलेल्याच्या नावाची लाकडी पाटी देव्हाऱ्यात बसवतात, मेलेला तिच्यात राहतो; पण बिनलग्नाच्या मुलीची पाटी बापाच्या घरी बसत नाही. तिला समुद्राच्या बांधाजवळच्या पोरींच्या देवळात ठेवायचं. अंधारं, बुटकं देऊळ, आत सगळ्या असल्याच, बिनलग्नाच्या मेलेल्या पोरी. काकू म्हणत होत्या, माझी पोर तिथं परक्या पोरींत राहणार नाही, ती माझ्या घरी राहील. आणि तिचा थोरला भाऊ चिन-फू म्हणत होता, देव्हाऱ्यात बिनलग्नाची आणली आणि माझ्या नातवंडांना काही झालं तर?

मायलेकांचं बोलणं बंद. शेवटी पुजाऱ्यानं तोड काढली. म्हणाला, सू-यिनलाच विचारा. कौल लावा. तीनदा लागोपाठ हो आला तर घरी, नाहीतर बांधावर.

टोपलं ठेवून मी निघालो, तर काकूंनी मला शिंपल्यांच्या ढिगामागं ओढलं. नव्वदीची बाई, पण पकड खेकड्यासारखी.

"थाऊ, कौलाची लाकडं अजून कोरतोस ना?"

"कोरतो की. देवळात सगळी माझीच आहेत."

"जत्रेत तुझी एक जोडी होती. कधीही टाक, हो."

"काकू! ती पोरांना फसवायची. त्यात जाळ्याचं शिसं घातलंय. देवाधर्माला नाही चालत."

"माझी पोर काय देव आहे?"

"अहो, ती गणितवाली. लहानपणी हातात धरल्या धरल्या ओळखलं होतं तिनं, एक बाजू जड आहे म्हणून."

"आता मेली ना ती," काकू म्हणाल्या. "आता कशी ओळखेल?"

असं म्हणून त्या बोळक्या तोंडानं हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या. मग काय करणार मी? घरी जाऊन जोडी घेऊन आलो. पुजाऱ्याच्या जोडीच्या जागी ती ठेवणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचं काम.

आता कौल कसा ते तुला माहीत आहे, पण नीट लक्षात ठेव. लाकडाच्या दोन चंद्रकोरी. एक बाजू सपाट, एक फुगीर. टाकल्यावर एक सपाट एक फुगीर वर आली तर हो. दोन्ही फुगीर वर, तर नाही. आणि दोन्ही सपाट वर आल्या तर... ज्याला विचारलं तो हसतोय. माझी जोडी शिशामुळं नेहमी होच पडायची. दुसरं काही पडूच शकत नाही. मी स्वतः कोरलीय ती.

दुपारनंतर तैपेईहून एक बाई आल्या. पांढरे आखूड केस, हातात काळी छत्री. बरोबर विद्यापीठातल्या जुन्या विद्यार्थ्यांनी पाठवलेलं फुलांचं मोठं चक्र. पेई-जुंग त्यांचं नाव. सू-यिनच्या वर्गात होत्या, आणि पुढं तैपेईत दोघी एकाच घरात राहायच्या.

चिन-फू माझ्या कानाशी लागला. "थाऊ, हिच्यावर नजर ठेव."

"का रे?"

"जन्मभर एका घरात? असली कसली वर्गमैत्रीण? आल्यापासनं फोटोकडं एकदाही बघितलं नाही. आमच्या देव्हाऱ्याकडंच बघतेय. काहीतरी न्यायला आलीय ही."

"मग माझ्यावर कोण नजर ठेवणार?"

"मी," तो म्हणाला. "तुला काय सोडतोय."

तर अशी गंमत. चिन-फू माझ्याकडं बघतोय, मी पेई-जुंगबाईंकडं बघतोय, आणि त्या देव्हाऱ्याकडं. खरंच बघत होत्या. देव्हाऱ्याच्या टेबलाखाली, लाल कापडाच्या मागं.

मग त्या सू-यिनबद्दल चार शब्द बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, वसतिगृहात आम्ही चौघी एका खोलीत. सू-यिन इतकी मोठ्यानं हसायची की वॉर्डनबाई दार वाजवायच्या. गणित सुटलं की हसायची, नाही सुटलं की जास्त हसायची. मुलींच्या शाळेत शिकवायची तर वर्गाबाहेर हसण्याचा आवाज, आणि बाकी शिक्षक वैतागलेले.

मांडवात लोक एकमेकांकडं बघायला लागले. मी शेजारच्याला म्हणलं, "बाई चुकीच्या मांडवात आल्या काय?" चिन-फूचा तर चेहरा लाल. "माझी बहीण? हसायची? खोटं आहे सगळं," असं पुटपुटला. काकू मात्र तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. आपल्याच पोरीची ओळख कुणीतरी करून देतंय, तशा.

बोलून झाल्यावर बाई चहा घ्यायला माझ्याजवळ आल्या.

"दादा, तुम्ही शेजारचे ना? या घरात दुसरी मुलगी कोण होती?"

"दुसरी? कुणी नाही. चिन-फू आणि सू-यिन. दोनच."

"लहानपणी गेलेली एखादी?"

"बाई, मी या भिंतीपलीकडं जन्मलो. काकू शिंकल्या तरी मला कळायचं. दोनच."

त्यांनी कप तसाच खाली ठेवला. "बरं..." एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, चिन-फू बरोबर बोलतोय. ही काहीतरी उकरायला आलीय.

दिवस कलला तसा पुजाऱ्यानं काकूंना कौलाला बसवलं. मांडवात एकच बल्ब, वाऱ्यानं हलतोय, आणि सगळ्यांच्या सावल्या ताडपत्रीवर मागंपुढं. घरामागच्या मासळीच्या तळ्यांत पाण्यात हवा घालायची चक्रं चालू होती, छपछप, छपछप. तो आवाज आम्हाला ऐकूच येत नाही, एवढा रोजचा.

पुजारी म्हणाला, "आजी, आधी पूर्ण नाव घ्या. जन्मतारीख, घराचा पत्ता. मग विचारा. नाव घेतल्याशिवाय विचारायचं नाही."

हे तर शेंबड्या पोरालाही माहीत आहे आमच्याकडं. नावाशिवाय हाक मारली तर ओ कोण देईल याचा काय नेम?

काकूंनी नीट सगळं म्हणलं. को सू-यिन, अमुक साली जन्मलेली, अमुक गल्लीतली. "बाळा, आईच्या घरी राहशील?" आणि टाकली.

खट्... खट्.

दोन्ही सपाट वर.

हे होऊच शकत नव्हतं. काकूंनी माझ्याकडं बघितलं, मी काकूंकडं. पुन्हा नाव, पुन्हा पत्ता, पुन्हा टाकली. दोन्ही सपाट. तिसऱ्यांदा... दोन्ही सपाट. लाकडं चटईवर पडून किंचित डुलली, अशी, पोट धरून कुणी हसावं तशी.

चिन-फू दात खाऊन म्हणाला, "थाऊ, हे तुझं काम."

माझं काम असतं तर हो पडलं असतं, असं सांगू? कोपऱ्यात पेई-जुंगबाई उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर हात धरला होता. डोळ्यांतनं पाणी वाहतंय, आणि हाताआड त्या हसत होत्या. घरच्या माणसाचा आवाज ओळखून हसावं तसं.

पुजारी म्हणाला, "पुरे आजी. ती हसतेय. तिला यायचं नाही."

पण काकू कुठल्या ऐकतात? चटईवर कोसळल्या, लाकडं छातीशी धरली, आणि ओरडल्या, "पोरी! अगं ये ना गं घरी! एवढी गार हवा, एवढा अंधार, कुठं फिरतेस एकटी? आई आहे ना मी तुझी... आईच्या कुशीत येतेस का? ये गं पोरी!"

नाव नाही घेतलं.

पुजाऱ्यानं हात पुढं केला, "आजी, थांबा..."

त्याच वेळी तळ्यांतली चक्रं बंद पडली. एकदम सगळी. तुला सांगतो, तसली शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. वारासुद्धा ताडपत्रीला नुसता टेकून राहिला.

काकूंनी लाकडं टाकली.

आवाज आला नाही. लाकूड चटईवर पडल्यावर खट् होतं. झालं नाही. कुणीतरी वाकून, हलक्या हातानं खाली ठेवल्यासारखी ती टेकली. एक सपाट, एक फुगीर.

हो.

काकूंनी परत टाकली. हो. परत. हो.

काकू रडत रडत फोटोला मिठी मारायला गेल्या. नातेवाईक हात जोडायला लागले. चिन-फूनं मान खाली घातली, कौल मानायचा शब्द दिला होता त्यानं. पुजाऱ्यानं अशा वेळी घंटा वाजवायची असते. त्यानं वाजवली नाही. तो म्हणाला, "आजी, नाव घेऊन एकदा परत..."

"नाव काय विचारता मला?" काकू गरजल्या. "आईनं पोरीला हाक मारली, पोर आली! झालं!"

तळ्यांवरनं कुणीतरी ओरडलं, चक्रं सुरू झाली. आणि त्याच संध्याकाळी सू-यिनच्या नावाची पाटी देव्हाऱ्यात बसली.

मी पेई-जुंगबाईंना बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो. चिन-फूनंच पाठवलं, बाई गेल्याची खात्री कर म्हणून. थांब्यावर म्हणाल्या, "दादा, ती इथं रात्री का राहायची नाही, माहीत आहे?"

"नाही."

"म्हणायची, आमच्या घरात माझ्या आईला आई म्हणणारी आणखी एक आहे. टेबलाखाली बसते. आईला दिसत नाही. लहानपणी रात्रभर ती माझ्या कानाशी विचारायची... तुझ्या आईला सांग ना मला हाक मारायला."

मी हसायचा प्रयत्न केला. "गंमत करत असेल."

"या घराच्या बाबतीत ती कधी हसली नाही," बाई म्हणाल्या. "आईला सांगितलं असतं तर आईनं मायेनं हाक मारली असती. म्हणून सांगितलं नाही. तिथं असेपर्यंत तोंड मिटून ठेवायची."

बसचे दिवे दिसले. बाईंनी काळी छत्री उघडली. ऊन नाही, पाऊस नाही. मेलेल्याला प्रवासाला नेताना आम्ही उघडतो तशी, जराशी एका बाजूला कलती, शेजारच्यावर धरल्यासारखी. मग पूर्ण नाव घेतलं, को सू-यिन, जन्मसाल, तैपेईतला पत्ता, आणि म्हणाल्या, "चल गं, बस आली. पायरी उंच आहे, जपून."

चालक दार उघडून थांबला होता. बाई आधी चढल्या नाहीत. शेजारच्याला आधी चढू दिलं.

मी धावत परत आलो. चिन-फूला म्हणलं, पाटी उतरव, पुजाऱ्याला बोलाव, नाव घेऊन परत विचार. देव्हाऱ्यात सू-यिन नाही, दुसरंच कुणीतरी शिरलंय.

तो शांतपणे उठला. त्याच्या हातात माझी जोडी होती, एक लाकूड फोडलेलं. आतनं शिसं चमकत होतं.

"आधी हसू पाडलंस," तो म्हणाला, "मग आईला रडवून हो पाडलंस. माझ्या घरात, माझ्या मेलेल्या बहिणीच्या नावावर. आणि आता भुताची गोष्ट सांगतोस? थाऊ, तुझ्या वयाचा मान ठेवतो म्हणून हात उचलत नाही."

शिशानं हसू पडत नाही, हे सांगितलं. त्यानं दार लावून घेतलं.

बरेच दिवस मी तिकडं फिरकलो नाही. मग एका दुपारी चिन-फू आणि घरचे सगळे तळ्यावर मासळी काढायला गेलेले बघून मी मागच्या दारानं गेलो. काकू एकट्याच ओसरीवर ऊन खात बसल्या होत्या. गालांवर चक्क रंग आलेला.

"ये ये, थाऊ. तुझे उपकार रे बाबा. पोर रोज येते."

"येते म्हणजे?"

"रात्री कुशीत झोपते. माझ्या पोटाला पाय लावून. एवढे एवढे पाय," त्यांनी हातानं दाखवलं, "बर्फासारखे. मी चोळून गरम करते."

"काकू..." मी म्हणलं. "सू-यिन तर तुमच्यापेक्षा उंच होती."

"मेल्यावर माणूस लहान होत असेल."

"नावानं हाक मारून बघितली?"

"मारली ना. नाव घेतलं की रुसते. भिंतीकडं तोंड करून बसते, चावतेसुद्धा." बाही वर करून त्यांनी मनगट दाखवलं. मी नीट बघितलं नाही. "पोरी म्हणलं की लगेच येते. बिचारीला कुणी माया लावलीच नाही कधी."

"काकू, ऐका माझं. गंमत नाही करत. ती तुमची पोर नाही."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या.

असं म्हणाल्या, अगदी सहज. कालवं सोलताना बोलावं तसं.

"पहिल्याच रात्री कळलं. आई आहे मी. पण थाऊ, सू-यिननं कधी मला इतकं घट्ट धरलं नव्हतं रे. आता हिला परत त्या गारठ्यात ढकलू? मी नाही ढकलणार. एक मात्र आहे, तिला एकटीला करमत नाही. म्हणते, बांधावर बाकीच्या उभ्या आहेत. त्यांनाही कुणी हाक मारत नाही. आई, त्यांनाही बोलव ना."

एवढं बोलून त्यांनी बांधाच्या दिशेला तोंड वळवलं आणि श्वास भरून घेतला. मी झडप घातली आणि दोन्ही हातांनी त्यांचं तोंड दाबून धरलं. घट्ट. त्यांचे ओठ माझ्या तळव्याखाली मिटलेले होते, हललेही नाहीत, शपथेवर सांगतो.

आणि हाक आतल्या खोलीतनं आली. देव्हाऱ्याच्या बाजूनं. काकूंच्याच आवाजात, मायेनं, लांबवून...

"पोरींनो... या गं घरी..."